सात शहरं, एक गोष्ट: नेटवर्कवर सामूहिक कथा कशी घडवायची

डिसेंबर १९८३ मध्ये पॅरिसच्या आधुनिक कलेच्या महापालिका संग्रहालयात 'इलेक्ट्रा' नावाचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथे ब्रिटिश कलावंत रॉय अ‍ॅस्कॉट यांनी अकरा शहरं टेलिफोनच्या तारांनी आणि संगणकाने जोडली, प्रत्येक शहराला परीकथेतलं एक पात्र दिलं आणि ११ ते २३ डिसेंबर या दिवसांत सगळ्यांनी मिळून एकच गोष्ट लिहावी असं ठरवलं. त्यांतली काही अशी: व्हँकुव्हर राजकन्या, पिट्सबर्ग राजपुत्र, सिडनी चेटकीण, अ‍ॅमस्टरडॅम खलनायक, सॅन फ्रान्सिस्को वेडा, होनोलुलू शहाणा म्हातारा, आणि पॅरिसमध्ये स्वतः अ‍ॅस्कॉट जादूगार. कथानक कुणालाच माहीत नव्हतं, कारण ते ठरवलेलंच नव्हतं. या कामाचं नाव 'ला प्लिस्यूर द्यु तेक्स्त', म्हणजे मजकुराला पाडलेल्या चुण्या.

आज हेच करायला महागडं यंत्र लागत नाही. फोन, ईमेल आणि वेळ पाळणारी माणसं पुरतात. खालची सगळी मापं सात केंद्रं आणि बारा दिवस धरून दिली आहेत. मराठी माणसं आज ज्या शहरांत पसरली आहेत त्यांतलीच सात शहरं उदाहरणाला घेतली आहेत.

आधी अ‍ॅस्कॉट यांची रचना समजून घ्या

सामूहिक लेखनाचे बहुतेक प्रयत्न फसतात, कारण आयोजक लेखनाची काळजी करत बसतो आणि रचनेकडे पाहत नाही. अ‍ॅस्कॉट यांची कामगिरी नेमकी रचनेत आहे. १९६० च्या दशकात लंडनच्या ईलिंग कला महाविद्यालयात शिकवत असल्यापासून ते सायबरनेटिक्सच्या, म्हणजे प्रतिसादातून वागणं कसं बदलत जातं या शास्त्राच्या, अंगाने कलेचा विचार करत होते. एकाने काही केलं की दुसऱ्याचा प्रतिसाद येतो आणि त्या प्रतिसादाने पहिल्याचं वागणं बदलतं. ही देवाणघेवाण हीच त्यांच्या लेखी कलाकृती. १९८० च्या 'टर्मिनल आर्ट' या प्रकल्पात त्यांनी अमेरिका आणि ब्रिटनमधल्या कलावंतांकडे उचलून नेता येतील अशी टर्मिनल्स, म्हणजे दूरच्या संगणकाशी जोडणारी कळफलकाची यंत्रं, पोचवली आणि त्यांना टेलिफोनवरून एका सामायिक संगणकीय चर्चेत आणलं.

पॅरिसच्या वेळी वापरलेलं जाळं होतं आर्टेक्स. मूळचे कॅनडाचे, व्हिएन्नात स्थायिक झालेले रॉबर्ट एड्रियन यांच्या पुढाकाराने ते उभं राहिलं होतं. टोरांटोच्या आय. पी. शार्प कंपनीच्या टाइमशेअरिंग संगणकावर (एकच मोठा संगणक अनेकांनी दुरून वापरायचा) चालणारी, कलावंतांसाठीची ती ईमेल व्यवस्था होती. एकाने लिहिलेलं सगळ्यांना जायचं, दुसऱ्याचं लिहिलेलं कुणाला खोडता यायचं नाही. त्या काळच्या टर्मिनलचा नेहमीचा वेग सेकंदाला ३०० बिट, म्हणजे साधारण ३० अक्षरं. लांबण लावणं परवडणारच नव्हतं.

यातून तीन गोष्टी जशाच्या तशा उचला: प्रत्येक केंद्राला एक भूमिका, लिहिलेलं पुसता न येणं, आणि कथानक आधी न ठरवणं. बाकी सगळं सोयीप्रमाणे बदला. या तिन्हींतली एक जरी सोडली तरी हाती उरतो तो साधा लेखनसंग्रह.

केंद्रं आणि माणसं

केंद्र म्हणजे एक माणूस नव्हे, तीन ते पाच जणांचा गट. एकटा माणूस बारा दिवसांत एकदा तरी आजारी पडतो, प्रवासात असतो किंवा त्याला काही सुचत नाही. गटात दोघं बोलत बसतात, तिसरा टाइप करतो आणि पाळी चुकत नाही. प्रत्येक गटात एकजण 'किल्लीदार' ठरवा. नोंद फक्त त्याच्याच खात्यावरून जाईल, म्हणजे एका केंद्राकडून दोन वेगवेगळ्या नोंदी जाण्याचा घोळ होत नाही.

पाचपेक्षा कमी केंद्रं असली तर गोष्टीऐवजी गप्पा होतात. नऊच्या वर गेलात तर वाचनाचा भार वाढतो. एक नोंद १२० शब्दांची धरली तर सात केंद्रांत आपली पाळी येण्याआधी बाकीच्या सहा जणांचे ७२० शब्द वाचायचे असतात, म्हणजे पाच-सात मिनिटं. हे रोज जमतं. अकरा केंद्रं आणि मोकळी पाळी असली की लोक वाचणं सोडतात आणि न वाचताच लिहू लागतात. गोष्ट तिथेच सुटते.

केंद्रांखेरीज दोन माणसं लागतात. सूत्रधार: तो वेळापत्रक सांभाळतो, पहिली नोंद लिहितो आणि नंतर गोष्टीला हात लावत नाही. दप्तरदार: तो प्रत्येक नोंद जशी आली तशी साठवतो. ही दोन कामं एकाच माणसाला देऊ नका. जो साठवतो त्याला सुधारण्याचा मोह होतो, आणि सूत्रधाराला तो मोह दुप्पट असतो.

वेळापत्रक: रात्री नऊची फेरी

एड्रियन यांनी १९८२ च्या सप्टेंबरमध्ये ऑस्ट्रियातल्या लिंत्झच्या 'आर्स इलेक्ट्रॉनिका' महोत्सवात चोवीस तासांचा एक प्रकल्प केला होता. त्यात प्रत्येक शहराशी संपर्क तिथल्या दुपारी बाराला साधायचा, म्हणजे माथ्यावरच्या सूर्यामागून पृथ्वीला एक फेरा, अशी आखणी होती. ही कल्पना फार उपयोगाची आहे. सगळ्यांना एकाच क्षणी जमवण्याच्या नादात कुणाला तरी पहाटे तीनला उठावं लागतं, आणि ते केंद्र चौथ्या दिवशी गळतं. त्याऐवजी प्रत्येकाला त्याच्या गावची सोयीची वेळ द्या. नोकरी-संसार असलेल्या माणसांना रात्रीचे नऊ बरे पडतात.

हिवाळ्यातल्या घड्याळाप्रमाणे स्थानिक रात्री नऊ म्हणजे भारतीय वेळेनुसार असे होतात: सिडनी दुपारी ३:३०, सिंगापूर संध्याकाळी ६:३०, पुणे रात्री ९:००, दुबई रात्री १०:३०, लंडन मध्यरात्रीनंतर २:३०, न्यू जर्सी सकाळी ७:३०, सॅन फ्रान्सिस्को सकाळी १०:३०. मग पाच तासांनी पुन्हा सिडनी. सॅन फ्रान्सिस्कोची नोंद आल्यापासून दुपारी साडेतीनपर्यंतची मोकळी खिडकी दप्तरदाराची. तेवढ्यात त्याने त्या दिवसाच्या सातही नोंदी साठवून, मोजून, सगळ्यांना एकत्र पाठवायच्या.

या साखळीतला घट्ट सांधा पुणे आणि दुबई यांच्यामधला आहे, कारण तिथे फक्त दीड तास मिळतो. पुण्याने उशीर केला की दुबईला घाई होते. म्हणून नियम असा: स्थानिक ९:४५ पर्यंत नोंद पाठवायची. दहापर्यंत आली नाही तर ती पाळी गेली. पुढच्याने थांबायचं नाही.

तारखेचा घोळ नक्की होतो. सॅन फ्रान्सिस्कोत सोमवारी रात्री नऊ वाजतात तेव्हा पुण्यात मंगळवारची सकाळ असते. त्यामुळे 'आजची नोंद' असं कुणीही म्हणायचं नाही. फेरी पहिली, फेरी दुसरी असं म्हणा. प्रत्येक फेरी सिडनीपासून सुरू होते.

घड्याळं पुढे-मागे होण्याचे आठवडे टाळा. अमेरिकेत हा बदल मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो, युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, सिडनीत एप्रिल आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी. भारत, सिंगापूर आणि दुबईत असा बदल नाही. नोव्हेंबरचा मध्य ते मार्चची सुरुवात हा काळ सगळ्यात स्थिर.

भूमिका कशा द्यायच्या

इथे घाई करू नका. भूमिका म्हणजे पात्राचं नाव आणि पोशाख नव्हे. रशियन अभ्यासक व्लादिमिर प्रॉप यांनी १९२८ मध्ये दाखवून दिलं की परीकथांमधली पात्रं कितीही बदलली तरी ती करत असलेली कामं ठरावीक असतात. त्यांनी अशी ३१ कामं आणि पात्रांचे सात गट मांडले: खलनायक, देणारा, मदतनीस, राजकन्या व तिचा बाप, पाठवणारा, नायक आणि तोतया नायक. अ‍ॅस्कॉट यांची पात्रयोजना याच विचारातून आली होती. तुमच्या सात भूमिकांतून यांतली निदान चार कामं होतील असं पाहा. सातही जणांना नायकासारखं पात्र दिलं तर गोष्ट हलत नाही. सगळे निघतात, अडवायला कुणी नसतं.

आपल्या लोककथांत माल भरपूर आहे: चेटकीण, कारभारी, गुराख्याचा पोर, राक्षस, म्हातारी, नावाडी, राजकन्या. उदाहरणार्थ सिडनीला चेटकीण, सिंगापूरला नावाडी, पुण्याला म्हातारी, दुबईला राक्षस, लंडनला कारभारी, न्यू जर्सीला राजकन्या आणि सॅन फ्रान्सिस्कोला गुराख्याचा पोर. शहराच्या प्रतिमेवरून भूमिका देऊ नका. दुबईला सोन्याचा व्यापारी दिलात तर पहिल्याच दिवशी ठरावीक विनोद सुरू होतात आणि पात्र तिथेच अडकतं.

प्रत्येक केंद्राला एक कार्ड पाठवा. त्यावर चारच ओळी: याला काय हवं आहे, याला असं काय करता येतं जे दुसऱ्या कुणाला येत नाही, याला काय जमत नाही, आणि याच्याकडे कोणती एक वस्तू आहे. म्हातारीचं कार्ड असं होऊ शकतं: 'हरवलेलं गाणं परत हवं. झोपलेल्याशी बोलता येतं. पाण्यात उतरता येत नाही. जवळ एक अर्धवट शिवलेली गोधडी.' तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. जमत नाही म्हणूनच पात्राला दुसऱ्या केंद्राकडे जावं लागतं. पाण्यात उतरता न येणाऱ्या म्हातारीला नावाडी लागतो, आणि पुण्याला सिंगापूर लागतं. एकमेकांच्या 'जमत नाही' आणि 'येतं' या ओळी अशा गुंफून ठेवल्या की जाळं आपोआप विणलं जातं. कार्डं सगळ्यांना सगळ्यांची दाखवा. लपवून काही साधत नाही.

कुठे लिहायचं

सामायिक गूगल डॉक हा पहिला विचार सगळ्यांच्या मनात येतो. तो टाळा. तिथे कुणीही कुणाचं वाक्य 'जरा नीट' करतं, आणि दोन दिवसांत लेखन एका चवीचं होतं. आर्टेक्सच्या रचनेच्या जवळ जाणारी आजची गोष्ट म्हणजे ईमेल गट. एकदा पाठवलेलं परत घेता येत नाही, तारीख-वेळ आपोआप नोंदते आणि प्रत्येकाच्या खात्यात प्रत राहते. गूगल ग्रुप्सवर गट उघडा, लिहिण्याचा हक्क फक्त सभासदांना द्या आणि संदेश तपासून सोडण्याची सोय बंद ठेवा. ती चालू राहिली तर नोंद मंजुरीसाठी अडकते आणि पुढचं केंद्र कोऱ्या हाताने बसतं. गोष्ट सुरू होण्याआधीच्या दोन दिवसांत प्रत्येकाने चाचणी मेल पाठवून तो सगळ्यांना पोचला का, की कुणाच्या स्पॅममध्ये गेला, हे पाहा.

नोंद नेहमी नव्या मेलने पाठवायची. 'रिप्लाय' दाबलं की खाली जुना मजकूर लटकत येतो, आणि बाराव्या दिवशी दप्तरदाराला तोच परिच्छेद चाळीसदा गाळावा लागतो. मेलखालची सही बंद करा.

'वेळ झाली का', 'पोचलं का' हे सगळं वेगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. गोष्टीच्या गटात गोष्टीखेरीज एकही ओळ नको.

प्रत्येक नोंदीच्या विषयात केंद्राचं नाव आणि त्याचा स्वतःचा क्रमांक लिहा: 'दुबई-३'. सगळ्यांचा मिळून एकच क्रमांक चालवला तर एकाच वेळी पाठवणारे दोघं 'सतरा' म्हणून बसतात. स्वतःच्या क्रमांकात टक्कर होत नाही. आणि मजकुराच्या पहिल्या ओळीत आपण शेवटची वाचलेली नोंद लिहा: 'वाचलं: पुणे-३'. ही एक ओळ सोडू नका. दुबईने 'वाचलं: सिंगापूर-३' लिहिलं असेल तर पुण्याची तिसरी नोंद त्यांनी पाहिलेलीच नाही, हे सगळ्यांना कळतं. गोष्ट कुठे फुटली, कोण कशाच्या माहितीशिवाय लिहीत होतं, हे नंतर शोधायचा तोच एक मार्ग.

देवनागरीचे खड्डे

सगळ्यांनी युनिकोडमध्येच लिहायचं. कुणी जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फाँटमध्ये टाइप करून चिकटवलं तर दुसरीकडे इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. असं आलं तर त्या केंद्राला परत टाइप करायला सांगा. रूपांतर करणाऱ्या साधनांत रफार आणि ऱ्हस्व इकार हमखास जागा सोडतात.

दुसरा खड्डा खास मराठीचा आहे. 'वाऱ्यावर', 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यांतला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एका प्रकारात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असतं. मजकूर एका अ‍ॅपमधून दुसरीकडे जाताना ते चिन्ह गळलं की 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर' होतं. दुसऱ्या प्रकारात खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त असतो; युनिकोडमध्ये त्याचा क्रमांक ०९३१. हा टिकाऊ आहे. सगळ्यांनी तोच वापरायचा, कारण दोन्ही मिसळले तर नंतर शोध घेताना अर्ध्या नोंदी सापडत नाहीत.

परदेशात वाढलेल्या मुलांना मराठी बोलता येतं पण देवनागरी टाइप करताना अडखळायला होतं. त्यांना वगळू नका. त्यांनी बोलून रेकॉर्ड करावं, गटातल्या मोठ्याने ते ऐकून लिहावं, आणि बोलण्यातली वाक्यरचना तशीच ठेवावी. फोनवरचं मराठी बोलून टाइप करणंही बऱ्यापैकी चालतं, पण पूर्णविराम आणि अनुस्वार हाताने तपासावे लागतात.

वऱ्हाडी, मालवणी, कोल्हापुरी, जे ज्याच्या घरात आहे त्यात लिहू द्या. प्रमाणभाषेचा आग्रह धरलात तर सात केंद्रांचा एकच आवाज होईल.

लिहिण्याचे नियम

नोंद ८० ते १५० शब्दांची. नोंद आपल्या पात्राच्या नजरेतून. दुसऱ्याच्या पात्राला संकटात टाकायला हरकत नाही. पण त्या संकटातून सोडवायचा हक्क त्याच केंद्राचा, आणि पात्र मारायचं असेल तर त्या केंद्राने आधी होकार द्यायला हवा. 'हे सगळं स्वप्न होतं' असं लिहायला बंदी, कारण त्याने इतरांचं लेखन एका फटक्यात रद्द होतं. जिवंत माणसांची नावं, राजकारण आणि मित्रमंडळातले विनोदही नकोत, ते बाहेरच्या वाचकाला कळत नाहीत.

प्रत्येक नोंदीने आधीच्या कुठल्या तरी नोंदीतली एक ठोस वस्तू उचलायची: गोधडी, दोर, तुटलेली घागर. भावना पुढच्या केंद्रापर्यंत पोचताना विरघळतात, वस्तू पोचतात. दप्तरदाराने रोजच्या संकलनाखाली वस्तूंची यादी द्यावी: कोणती वस्तू आत्ता कुणाकडे आहे. बारा दिवस धागा टिकतो तो या यादीमुळे.

चॅटबॉटकडून लिहून घेतलेला मजकूर स्वीकारू नका. तो प्रत्येक नोंदीत प्रश्न उभा करून तिथेच सोडवून टाकतो, आणि पुढच्या केंद्राला करायला काही उरत नाही.

बारा फेऱ्या

पहिली नोंद सूत्रधाराची. तिच्यात काहीतरी हरवलेलं किंवा उणं हवं. परीकथा उणिवेतून किंवा आगळिकीतून सुरू होते हे प्रॉप यांचं निरीक्षण इथे थेट कामाला येतं. पन्नास-साठ शब्द पुरतात. सुरुवात अशी होऊ शकते: 'आटपाट नगर होतं. तिथल्या विहिरीतून रोज संध्याकाळी गाण्याचा आवाज यायचा. परवापासून येत नाही. पाणी मात्र तेवढंच आहे.' अशी नोंद नसेल तर पहिल्या फेरीत सातही जण आपापल्या पात्राचं वर्णन करतात आणि घडत काहीच नाही.

पहिल्या चार फेऱ्या क्रमाने चालवा, म्हणजे २८ नोंदी. या काळात लोक एकमेकांचा आवाज ओळखू लागतात. तिसऱ्या फेरीनंतर नवं नावाचं पात्र आणायचं नाही, नाहीतर पाचव्या दिवशी गावात चाळीस माणसं होतात.

पाचव्या फेरीपासून पाळी मोकळी करा. कुणीही कधीही लिहावं, पण एका केंद्राने दिवसाला दोनच नोंदी. ही मर्यादा नसेल तर एक उत्साही केंद्र सगळी गोष्ट खेचून नेतं आणि बाकीचे वाचक होऊन बसतात. अ‍ॅस्कॉट यांच्या प्रकल्पात सुरुवातीपासूनच मोकळीक होती. वेळेच्या फरकामुळे धागे एकमेकांवरून गेले, तुटले, दुपदरी झाले. आम्हाला वाटतं, कलाकृती म्हणून खरी गंमत याच टप्प्यात आहे. क्रमवार पाळ्यांत शिस्त असते. मोकळ्या टप्प्यात तुमच्या वाक्याचं तुम्ही झोपलेले असताना काय झालं हे सकाळी वाचायला मिळतं.

इथेच विसंगती येतात. सिंगापूरने पूल जाळलेला असतो आणि लंडनचा कारभारी त्याच पुलावरून येतो. सूत्रधाराने दुरुस्ती करायची नाही, कुणाला नोंद मागे घ्यायला सांगायचं नाही. ज्याला विसंगती आधी दिसली त्याने ती गोष्टीत लिहून टाकायची: जळका पूल ओलांडून आलेला कारभारी खरा की तोतया? 'वाचलं' ओळीमुळे चूक कुणाची हा वाद उरत नाही. बाहेरून केलेल्या दुरुस्त्या वाढल्या की लोक बिचकून लिहू लागतात.

सातव्या-आठव्या दिवसाच्या आसपास एखादं केंद्र गप्प होतं. अठ्ठेचाळीस तास थांबा. तोवर इतरांनी ते पात्र झोपलेलं किंवा दूर गेलेलं दाखवावं, त्याच्या तोंडी वाक्यं घालू नयेत. त्यानंतरही उत्तर नसेल तर किल्ली त्याच गटातल्या दुसऱ्याला द्या. भूमिका दुसऱ्या शहराला देऊ नका. एका गटाकडे दोन पात्रं आली की ती एकमेकांशीच बोलत राहतात.

बारावी फेरी पुन्हा क्रमाने, प्रत्येकी एक नोंद. सगळे धागे जुळवायचा आग्रह नको. वस्तूंच्या यादीतली आपल्याकडची वस्तू कुठेतरी ठेवणं किंवा कुणाला देणं एवढंच करायचं. 'साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण' हे शब्द शेवटच्या केंद्रासाठी राखून ठेवा. ते आले की गट बंद, त्यानंतर आलेली नोंद दप्तरात जात नाही.

केंद्रात कागदावर

पॅरिसमध्ये ही गोष्ट प्रदर्शनाच्या दालनात, लोकांच्या समोर घडत होती. तुमचं केंद्र ग्रंथालयात, मंडळाच्या खोलीत किंवा शाळेत असेल तर नोंदी पावतीच्या छोट्या थर्मल प्रिंटरवर छापत राहा. येणारे-जाणारे थांबून वाचतात आणि गटात बसतात.

५८ मि.मी. रुंदीच्या प्रिंटरवर छपाईची रुंदी ४८ मि.मी., म्हणजे ३८४ ठिपके. स्वस्त प्रिंटरमध्ये देवनागरी फाँट नसतो. थेट मजकूर पाठवला की प्रश्नचिन्हं किंवा चिनी अक्षरं उमटतात. म्हणून नोंद आधी ३८४ ठिपके रुंदीच्या काळ्या-पांढऱ्या चित्रात बदला, अक्षर २८ ठिपक्यांचं आणि ओळीतलं अंतर ४० ठिपके ठेवा. त्याहून लहान अक्षरात वेलांटी आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात. १२० शब्दांच्या नोंदीला सुमारे १५ सें.मी. कागद लागतो. २८ क्रमवार, जास्तीत जास्त ९८ मोकळ्या आणि ७ शेवटच्या अशा १३३ नोंदी धरल्या तर सुमारे २० मीटर. रोल घेताना लांबी पाहून घ्या आणि एक जादा ठेवा. थर्मल छपाई ऊन, उष्णता आणि प्लास्टिकच्या पाकिटात फिकी पडते. ती खोलीपुरती आहे, जपणुकीची प्रत म्हणून धरू नका.

हक्क आणि दप्तर

हे काम पहिल्या नोंदीआधी उरका. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संयुक्त लेखन म्हणजे ज्यात प्रत्येकाचा वाटा वेगळा काढता येत नाही असं लेखन. आपल्या पद्धतीत प्रत्येक नोंदीवर केंद्राचं नाव आहे, म्हणजे वाटा स्पष्ट वेगळा निघतो, आणि त्या नोंदीचा हक्क लिहिणाऱ्यांकडे राहतो असं धरून चाला. नंतर पुस्तक किंवा प्रयोग करायचा झाला तर एकाचा नकार सगळ्यांना अडवू शकतो. प्रत्येकाकडून लेखी परवानगी घ्या: कशासाठी, किती वर्षं, कोणत्या देशांत. हक्क लिहून देताना मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. सगळ्यांना मान्य असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्सचा (इतरांना वापराची मुभा देणारे तयार परवाने), श्रेय आणि तोच परवाना पुढे लावण्याची अट असलेला परवाना सोपा पडतो. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची सही घ्या.

दप्तराच्या दोन प्रती ठेवा. कच्ची प्रत: आलेला मजकूर, वेळ, 'वाचलं' ओळ, टायपिंगच्या चुका, सगळं तसंच, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड मजकूर साठवण्याची नेहमीची पद्धत) साठवलेलं. ही कुणीही कधीही सुधारायची नाही. स्वच्छ प्रत: वाचकांसाठी, शुद्धलेखन तपासलेली. नोंदींचा तक्ता एक्सेलमध्ये उघडताना देवनागरीऐवजी चिन्हं दिसली तर मजकूर बिघडलेला नसतो. फाइल थेट न उघडता 'इम्पोर्ट'मधून यूटीएफ-८ निवडून उघडा, आणि त्याआधी चुकूनही 'सेव्ह' दाबू नका.

कच्ची प्रत तीन ठिकाणी ठेवा: दप्तरदाराच्या संगणकावर, दुसऱ्या देशातल्या एका केंद्राकडे आणि इंटरनेट आर्काइव्ह या मोफत ऑनलाइन संग्रहावर. तिथे चढवताना केंद्रांची नावं, तारखा आणि भूमिकांची सातही कार्डं सोबत जोडा. कार्डांशिवाय म्हातारी पाणी का टाळते आहे हे नव्या वाचकाला कळणार नाही. लोकांचे ईमेल पत्ते आणि फोन क्रमांक त्याआधी काढून टाका. तेवढा एकच बदल कच्च्या प्रतीत चालतो, आणि तो केल्याची नोंद फाइलच्या पहिल्या ओळीत लिहा.